फालमथ, जमैका : जहाजातून उतरल्यावर गाव नीट कसं पाहायचं

फ्लोरिडातून सुटणाऱ्या आठवडाभराच्या क्रूझवर जाऊन आलेली मराठी कुटुंबं भेटली, की मी फालमथबद्दल हमखास विचारते. उत्तर जवळपास ठरलेलं असतं : ‘तिथे काय, चार दुकानं आणि ऊन.’ थोडं खोदून विचारलं की कळतं, ही मंडळी बंदराच्या कुंपणाबाहेर पडलीच नव्हती. जी पडली, ती भर बारा वाजता पडली आणि वीस मिनिटांत घामेजून परत आली. उरलेली बसमध्ये बसून तासाभरापेक्षा लांबच्या धबधब्यावर गेली.

२०११मध्ये क्रूझसाठी बांधलेलं बंदर आणि त्याच्या फाटकाबाहेरचं अठराव्या शतकातलं गाव या दोन वेगळ्या जागा आहेत. गाव लहान आहे, चालत होतं, तीन तास पुरतात. मात्र ते तीन तास कोणते आणि पावलं कुठून टाकायची, हे आधी ठरवावं लागतं. लेख मुख्यतः जहाजाने येणाऱ्यांसाठी आहे. विमानाने येऊन मुक्काम करणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा टप्पा दिला आहे.

## टप्पा १ : कागदपत्रं (बुकिंगच्या आधी)

सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात. भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी जमैकाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. खरी अडचण येते ती अमेरिकेत परत शिरताना.

१. एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का परतीच्या तारखेला चालू हवा. आय-७९७ची मंजुरी, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचं अमेरिकी सरकारचं पत्र, हातात आहे, एवढ्यावर भागत नाही. संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत एच-१बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या फेरीपुरती आहे, जमैका त्यात बसत नाही. विद्यार्थ्यांचे नियम वेगळे आहेत. ‘मित्र गेला होता, काही झालं नाही,’ यावर विसंबू नका. तो मित्र एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल.

२. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही सोबत घ्या.

३. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना, हे पाहा. जहाजावर जाऊन आल्याने त्यांच्या अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत नव्याने मोजली जाईल, असंही धरू नका. आय-९४वरची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरची, जुनी तारीखच कायम राहू शकते.

४. भारतातून विमानाने थेट जमैकाला निघाला असाल तर वाटेतल्या देशाचा व्हिसा आधी पाहा. अमेरिकेत विमान बदलायचं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. लंडन किंवा टोरंटोमार्गे जातानाही ट्रान्झिटचे नियम आहेत आणि ते बदलत असतात. तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एजंटने ‘जमैकाला व्हिसा लागत नाही’ असं सांगितलं. ते खरंच होतं, पण मधल्या विमानतळाचं कुणी बोललं नाही आणि मुंबईच्या काउंटरवरून त्यांना परत फिरावं लागलं.

तपासा : प्रत्येकाच्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने आहे का? लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांतच संपतात. तेच नेमके राहून जातात.

## टप्पा २ : तारीख आणि वार

डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत धोका जास्त. २८ ऑक्टोबर २०२५ला मेलिसा हे चक्रीवादळ जमैकाच्या पश्चिम भागावर येऊन आदळलं. फालमथ ज्या ट्रेलॉनी परगण्यात आहे, त्यालाही त्याचा जबर फटका बसला. म्हणून जुन्या व्हिडिओत पाहिलेली प्रत्येक वास्तू उघडी असेल असं समजू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी ताजी छायाचित्रं पाहा आणि चर्च उघडं आहे का, नदीवरची तराफ्याची फेरी सुरू आहे का, ते विचारून घ्या. दुरुस्ती चाललेल्या इमारतीत शिरू नका.

वारही पाहा. रविवारी दुकानं बरीचशी बंद आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू. प्रार्थना ऐकायला बसणार असाल तर उत्तम, पण आत फिरून फोटो काढता येणार नाहीत. बुधवार हा इथला पारंपरिक बाजाराचा दिवस. माल जमिनीवर मांडलेला असतो, वाकून निवडावा लागतो, म्हणून त्याला ‘बेंड डाउन मार्केट’ म्हणतात. आपल्या आठवडी बाजारासारखाच. तो कुठे भरतो हे गावात गेल्यावर विचारा.

## टप्पा ३ : आदल्या रात्रीची तयारी

गावाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. जमैकात अमेरिकेतलं रोमिंग महाग पडू शकतं, आणि नेट बंद ठेवलेल्या फोनवर नकाशा उघडत नाही. पिशवीत घ्यायचं ते एवढंच :

- जहाजाचं कार्ड आणि एक फोटो ओळखपत्र. दोन्ही नसतील तर बंदराच्या फाटकातून परत आत येताना अडचण होते.
- पासपोर्टची छापील प्रत. मूळ पासपोर्ट मी गावापुरतं फिरताना केबिनच्या तिजोरीत ठेवते.
- एक आणि पाच अमेरिकी डॉलरच्या सुट्या नोटा. वीसच्या वरची नोट मोडून मिळणं कठीण.
- प्रत्येकी एक लिटर पाणी, टोपी, छत्री. छत्री उन्हासाठीच.
- जुने, पक्क्या तळाचे बूट. पदपथ तुटके आहेत, मध्येच उघडी गटारं येतात.

सावधान : लष्करी ठिपक्यांचे कपडे जमैकात नागरिकांना कायद्याने मना आहेत. मुलाची तशी टोपी, अर्धी चड्डी किंवा पाठपिशवीसुद्धा जहाजावरच ठेवा.

पोहण्याचे कपडे घालून गावात फिरू नका. हे समुद्रकिनाऱ्याचं ठिकाण नाही. इथे कोर्ट आहे, शाळा आहेत, कचेऱ्या आहेत.

## टप्पा ४ : घड्याळ

हा टप्पा वगळणाऱ्यांनी बाकीचं वाचून उपयोग नाही. जमैका वर्षभर एकच वेळ पाळतो, घड्याळं पुढेमागे करत नाही. फ्लोरिडा करतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फ्लोरिडाचं घड्याळ जमैकाच्या एक तास पुढे असतं. जहाज बहुतेकदा निघालेल्या बंदराची वेळ धरून चालतं. तुमचा फोन मात्र जमैकाचं नेटवर्क सापडताच गुपचूप एक तास मागे जातो.

म्हणजे जुलैमध्ये फोनवर तीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर चार वाजलेले असतात. आमच्या पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं. बाजारातल्या एका वयस्कर विक्रेतीने कुठल्या जहाजाचे म्हणून विचारलं आणि ‘तुमची माणसं तर सगळी परत चालली’ असं सांगितलं, म्हणून आम्ही वेळेत पोचलो. धावतच.

१. उतरण्याआधी केबिनमधल्या टीव्हीवरची किंवा स्वागतकक्षातली जहाजाची वेळ पाहा.
२. मनगटी घड्याळ त्या वेळेला लावा. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा.
३. ‘सुटण्याची वेळ’ आणि ‘सगळे आत येण्याची वेळ’ वेगवेगळ्या असतात. दुसरी अर्धा ते एक तास आधीची. तीच लिहून ठेवा.

टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनहून निघालेल्यांचं गणित निराळं : उन्हाळ्यात दोन्ही घड्याळं जुळतात, हिवाळ्यात जमैका एक तास पुढे असतो. म्हणून ऐकीव आकड्यावर न जाता जहाजाचंच घड्याळ पाहा.

तपासा : कुटुंबातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, परतीची वेळ तोंडपाठ आहे का?

## टप्पा ५ : उतरणं आणि फाटक

फालमथला जहाज थेट धक्क्याला लागतं, होडीतून जावं लागत नाही. त्यामुळे ‘गर्दी ओसरू दे, मग जाऊ’ असं म्हणून न्याहारी लांबवू नका. पहिल्या अर्ध्या तासात उतरा.

गावाचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पुण्याचाच. सूर्य तितकाच डोक्यावर येतो, आणि दमटपणा कोकणातला. नऊच्या आत चालायला लागलात तर साडेअकरापर्यंत सुखाने फिरता येतं. त्यानंतर सावली सोडवत नाही.

उतरल्यावर आधी कुंपणाच्या आतली दागिन्यांची, टी-शर्टांची दुकानं लागतात. तिथे थांबू नका. परत यायचं आहेच. सरळ फाटकाकडे चला.

फाटकाबाहेर पाऊल टाकताच टॅक्सीवाले, वाटाडे, विक्रेते भोवती येतात. घाबरून मागे फिरणारे बहुतेक इथूनच फिरतात. ही माणसं त्यांचं काम करत असतात. थांबा, डोळ्यांत पाहून ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, मग ‘नो, थँक यू’ म्हणा आणि चालू लागा. मान फिरवून न बोलता पुढे जाणं इथे उर्मटपणाचं मानतात, आणि त्यानेच मागे लागणं वाढतं. आपल्या खेड्यात रामराम न घालता वाट विचारली तर जसं वाटेल, तसंच. दुकानात शिरतानाही आधी ‘गुड मॉर्निंग’, मग किंमत.

वाटाड्या हवाच असेल तर परवाना पाहा. किती वेळ, किती जणांचे किती पैसे आणि कुठल्या चलनात, हे तिन्ही चालायला लागण्याआधी ठरवा.

## टप्पा ६ : चालण्याचा क्रम – लांबचं आधी

लोक फाटकाबाहेरच्या वॉटर स्क्वेअरमध्ये रेंगाळतात, बाजारात खरेदी करतात, मग जड पिशव्या घेऊन उन्हात चर्चकडे निघतात आणि अर्ध्या वाटेवरून परततात. क्रम उलटा करा. चौक फक्त ओलांडा, लांबची दोन चर्च आधी गाठा, आणि बंदराकडे परत येत येत बाकीचं पाहा. दमलात तरी दमाल ते जहाजाजवळ.

१. सेंट पीटर्स चर्च. वॉटर स्क्वेअरमधून ड्यूक स्ट्रीट धरा. १७९५ सालचं हे चर्च गावातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक इमारतींपैकी. आवारात जुन्या कबरी आहेत. गवतात दगड लपलेले असतात, पाय जपून टाका. कबरींवर बसू नका, मुलांना चढू देऊ नका.

२. विल्यम निब मेमोरियल बॅप्टिस्ट चर्च. एकच ठिकाण पाहायचं झालं तर मी हे सांगेन. गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला इंग्रज मिशनरी विल्यम निब इथेच पाद्री होता. ३१ जुलै १८३८च्या मध्यरात्री, पूर्ण मुक्ततेच्या क्षणी, बेड्या, चाबूक आणि गळ्यातलं लोखंडी कडं शवपेटीत घालून इथे पुरलं गेलं. त्याची आठवण सांगणारा संगमरवरी फलक आत आहे. दार बंद असलं तर लगेच निघू नका. आवारात कुणी असेल तर नमस्कार करून विचारा, किल्ली असणारा माणूस बऱ्याचदा जवळपासच असतो. आत सोडलं तर दानपेटीत काहीतरी टाका. इथे हसऱ्या चेहऱ्यांच्या सेल्फी काढू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

३. गल्ल्या आणि मार्केट स्ट्रीट. परतताना मुद्दाम आडव्या गल्ल्यांमधून या. गाव चौकोनी आखणीचं आहे, हरवायला होत नाही. इथली चूक म्हणजे फक्त समोर पाहत चालणं. तळमजल्यावर मोबाइल रिचार्जचं किंवा औषधांचं दुकान दिसतं आणि वाटतं, यात काय जुनं? मान वर करा. खाली घडीव दगड, वर लाकडी मजला, सरकत्या तावदानांच्या खिडक्या, वारा आत घेणाऱ्या तिरप्या फळ्या. रस्त्यालगत ओटीसारखा अरुंद व्हरांडा असलेली छोटी लाकडी घरंही दिसतील. त्यांत माणसं राहतात. दारातून आत डोकावू नका, आणि फोटोआधी विचारा.

४. सीबोर्ड स्ट्रीट आणि कोर्ट. खांबांचं, समुद्राकडे तोंड केलेलं कोर्ट १८१५मध्ये बांधलं. १९२६च्या आगीनंतर ते पुन्हा उभं केलं गेलं. आत कामकाज चालतं, म्हणून बाहेरूनच पाहा.

५. शेवटी वॉटर स्क्वेअर. १७९९मध्ये या चौकात नळाचं पाणी आलं, नदीतून चाकाने उचलून आणलेलं. चौकाचं नाव त्यावरूनच पडलं. शेजारी अल्बर्ट जॉर्ज मार्केट. खरेदी आता करा, आधी नाही.

तपासा : जहाजाच्या घड्याळात किती वाजले? पाणी अर्ध्याहून कमी राहिलं असेल तर आत्ताच घ्या.

## टप्पा ७ : ‘डॉलर’ म्हणजे कुठला?

जमैकन डॉलरचं आणि अमेरिकी डॉलरचं चिन्ह एकच. एका अमेरिकी डॉलरला दीडशेच्या वर जमैकन डॉलर मिळतात. हॉटेलच्या फळ्यावर १,५०० लिहिलेलं पाहून दचकून परत फिरलेले लोक मी पाहिले आहेत. ते अमेरिकी दहाच्या आसपास होते. याच्या उलट, टॅक्सीवाला ‘ट्वेंटी’ म्हणतो तेव्हा तो अमेरिकी वीस म्हणत असतो, आणि कधी कधी माणशी. म्हणून ‘यूएस ऑर जमैकन?’ आणि ‘पूर्ण गाडीचे की माणशी?’ हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

परवानाधारक टॅक्सीची नंबरप्लेट लाल असते. ठरलेल्या मार्गावर माणसं भरून जाणारी ‘रूट टॅक्सी’ म्हणजे आपलं वडाप. स्वस्त असते, पण भरल्याशिवाय हलत नाही. जहाज गाठायचं असताना तिच्यावर अवलंबून राहू नका. आणि कुणी ‘सून कम’ म्हणालं तर त्याचा अर्थ लगेच येतो असा घेऊ नका. येईल, एवढंच.

हस्तकलेच्या टपरीवर थोडी घासाघीस चालते, दुकानात चालत नाही. प्रवाळाच्या किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तू घेऊ नका, कस्टममध्ये अडकाल. गांजा सर्रास विचारला जातो. २०१५पासून जमैकात थोड्या गांजासाठी फक्त दंड होतो, पण जहाजावर किंवा अमेरिकेत तो नेणं हा गुन्हाच. व्हिसावर असलेल्या माणसाने त्याच्या जवळही जाऊ नये.

## टप्पा ८ : खाणं, विशेषतः शाकाहारी

‘शाकाहाऱ्याला तिथे काही मिळत नाही’ हे खरं नाही, फक्त नेमकं विचारावं लागतं. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या ‘आयटल’ जेवणात मांस नसतं, बहुधा दूधही नसतं आणि मीठ कमी किंवा नसतंच. ‘आयटल’ हा एक शब्द लक्षात ठेवा, निम्मं काम होतं.

- कॅलिलू म्हणजे चक्क माठाच्या कुळातली पालेभाजी. पण ती खाऱ्या माशाबरोबरही शिजवतात, म्हणून ‘नो सॉल्टफिश’ म्हणा.
- राइस अँड पीज नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्यासारखा भात. त्यात कधी खारवलेलं मांस घालतात. विचारा.
- व्हेजिटेबल पॅटीच्या सारणात भाजी असली तरी आवरणात गोमांसाची चरबी असू शकते. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारलंच पाहिजे.
- अ‍ॅकी हे इथलं फळ शिजवलेलंच खा. न पिकलेलं फळ विषारी असतं, झाडावरचं तोडून चाखू नका.

भाजलेला नीरफणस मिळाला तर सोडू नका. सॉरेल नावाचं लाल सरबत आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचंच. ते मुख्यतः नाताळच्या सुमारास मिळतं. स्कॉच बॉनेट मिरची दिसायला गोड ढोबळी वाटते, तिखटपणात लवंगीला मागे टाकते. मुलांच्या ताटातून काढून ठेवा.

## टप्पा ९ : गावाबाहेर काही जोडायचं असेल तर

एकच जोडा : मार्था ब्रे नदीवरची तराफ्याची फेरी. गावापासून काही किलोमीटरवर. तीसेक फुटी बांबूच्या तराफ्यावर दोन मोठी माणसं बसतात, अंतर साधारण तीन मैल, वेळ तास-दीड तास. त्यामुळे चौघांच्या कुटुंबाचे दोन तराफे होतात, आजी-नातू-आई सगळे एकत्र बसतील असं धरू नका. जिथे बसता तिथे उतरत नाही, फेरी खालच्या टोकाला संपते. टॅक्सीवाल्याला तिथे यायला सांगा आणि भाडं परतल्यावरच द्या.

गाव सकाळी, नदी नंतर. नदीवर सावली असते, गावात नसते. सगळे आत येण्याच्या वेळेआधी दोन तास हातात नसतील तर ही फेरी सोडून द्या.

## टप्पा १० : मुक्काम करणाऱ्यांसाठी

विमान माँटेगो बेच्या सँगस्टर विमानतळावर उतरतं, तिथून फालमथ सुमारे ३० किलोमीटर पूर्वेला. जमैकाचा सी-५ अर्ज (देशात शिरताना लागणारा इमिग्रेशन आणि कस्टमचा अर्ज) सरकारी संकेतस्थळावर आधी भरा. तो विनामूल्य आहे, पैसे मागणारं पान दिसलं तर ते बंद करा. राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. वीज ११० व्होल्ट आणि अमेरिकी पिना. फोनचा चार्जर चालतो, भारतातली इस्त्री नाही.

मुक्कामाचं खरं कारण म्हणजे गावाच्या पूर्वेला थोड्याच अंतरावरचं, रात्री उजळणारं खारं सरोवर. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की निळसर प्रकाश देतात. दिवसा तिथे काहीच दिसत नाही, आणि जहाजं बहुतेक संध्याकाळच्या आतच निघतात, म्हणून क्रूझवाल्यांनी याची आशा धरू नये. जायचं तर :

१. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. कालनिर्णय पाहूनच बुकिंग करा. पौर्णिमेला प्रकाश फिका वाटतो.
२. नुकताच मोठा पाऊस झाला असेल तर एक रात्र थांबा.
३. पाण्यात उतरणार असाल तर अंगाला क्रीम किंवा डासांचं मलम लावलेलं नसावं. आधी अंघोळ करा.
४. फोनवर फोटोची धडपड करू नका. पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात आणि बाजूच्यांनाही दिसेनासं होतं.

गावात रात्री पायी फिरणं टाळा, ओळखीच्या टॅक्सीनेच परता. पोलिसांचा क्रमांक ११९, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा ११०. दोन्ही फोनमध्ये टाकून ठेवा, आणि एका कागदावर लिहून खिशातही.